सोसायटी ग्रुप : बारावीनंतर शिक्षणशास्त्राची पदवी?

ए-३०२ शिंदे वहिनी : नमस्कार. ग्रुप मेंटेनन्सचा आहे, तरी घरगुती प्रश्न टाकते, सेक्रेटरी साहेबांनी रागावू नये. लेकीला बारावी आर्ट्सला शिक्षणशास्त्र विषय होता. आता पदवीही त्यातच करायची म्हणते. शिक्षिका व्हायचंय का विचारलं तर म्हणते, "ते ठरलं नाही, पण शाळा अशा का चालतात ते शिकायचंय." हिचे बाबा बीकॉमवर अडून बसलेत. कोणाला काही माहिती?

सी-१०१ कुलकर्णी काका : बाबा बरोबर आहेत. बीकॉम, मग बँकेच्या परीक्षा. शिकवायची हौस राहिलीच तर नंतर बीएड करता येतं. शाळा कशा चालतात हे शिकायला पदवी कशाला लागते?

बी-२०४ : काका, बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय. तीन अधिक दोन, पाच वर्षं गेली. आता बारावीनंतर थेट चार वर्षांचा आयटेप आहे, म्हणजे पदवी आणि बीएड एकत्र: बीए-बीएड, बीएस्सी-बीएड किंवा बीकॉम-बीएड. २०२३ला सुरू झाला. प्रवेशाला एनटीए या राष्ट्रीय परीक्षा संस्थेची एनसीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात २०३०पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता हीच चार वर्षांची पदवी करायचं म्हटलंय.

डी-४०३ देशपांडे मॅडम : हे नवीन नाही हो. केंद्राची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीच्या भोपाळ, अजमेर, भुवनेश्वर, म्हैसूर इथल्या संस्था १९६३च्या, चार वर्षांचे असे अभ्यासक्रम त्यांनी तेव्हापासून चालवले. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या वाट्याला येतात. आपल्याकडे फार कोणी चौकशीच केली नाही.

बी-५०१ : माझ्या जावेने दिल्ली विद्यापीठातून बीएलएड, म्हणजे प्राथमिक शिक्षणाची पदवी, केलंय. तोही चार वर्षांचाच, १९९४ला सुरू झालेला. त्यात नाटक आणि हस्तकला होती म्हणून सासरी सगळे हसले होते. शेवटच्या वर्षी कित्येक आठवडे शाळेत शिकवावं लागलं तेव्हा हसणं बंद झालं.

सी-१०१ कुलकर्णी काका : बरं, पण त्यात शिकवतात काय? खडू कसा धरायचा?

डी-४०३ देशपांडे मॅडम : कुलकर्णी, मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं डहाणूच्या बाजूला. तुम्हाला एकच उदाहरण देते. ताराबाई मोडकांनी १९४५ला डहाणूजवळच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे कोसबाडला गेल्या. वारली मुलं शाळेत येईनात. का येईनात, तर गुरं राखायला जात. हा झाला पोटापाण्याचा, म्हणजे अर्थशास्त्राचा प्रश्न. आली तर बाईंची भाषा कळेना, घरी वारली बोलतात. हे भाषाशास्त्र. एका जागी बसवत नाहीत, पण पानं, दगड, बिया दिल्या की तासभर मोजत बसतात, हे मानसशास्त्र. आणि गावात त्यांना शिकवून काय करायचंय असं म्हणणारे होतेच, ते समाजशास्त्र. मग दोघींनी शाळाच कुरणात नेली, तिचं नाव कुरणशाळा. यातला एकच विषय शिकलेल्या माणसाला हे सुचलं असतं का? मला डीएडला, म्हणजे आताच्या डीएलएडला, पाठाचं टाचण काढायला उत्तम शिकवलं. मूल गैरहजर का, हे मात्र कोणी शिकवलं नाही.

आणि महात्मा फुल्यांचं १८८२चं, इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढचं निवेदन कधी वाचा. शेतकऱ्यांच्या कराचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो हा हिशेब त्यात आहे. निदान बारा वर्षं वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मास्तरांना महिना किमान १२ रुपये द्या, मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीची ओळखही करून द्या, सगळं एकाच कागदावर. याच्याइतका चांगला धडा आजच्या कुठल्या पदवीच्या पहिल्या वर्षाला असेल असं मला वाटत नाही.

सेक्रेटरी : मध्येच बोलतो, माफ करा. उद्या पाणी सकाळी ७ ते ८ एवढंच येईल. टाक्या भरून ठेवा. चर्चा चालू द्या.

सी-१०१ कुलकर्णी काका : मॅडम, लिहिलंत छान. पण नोकरी?

बी-२०४ : सरकारी नोकरीला पदवीवर टीईटी ही पात्रता परीक्षा, त्यावर टेट ही भरतीची परीक्षा, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. भरती कधी निघेल ते देवाला माहीत. आणि वहिनी, एक मोठी अट. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३मध्ये सांगितलंय की पहिली ते पाचवीला बीएड चालत नाही, त्याला डीएलएड ही प्राथमिक शिक्षकाची पदविका लागते. आयटेपमध्येही कोणत्या वर्गांसाठीचा अभ्यासक्रम आहे ते बघूनच प्रवेश घ्या.

ए-६०२ (लेस्टरहून) : मी लेकीकडे आहे, इथलं सांगतो. इंग्लंडमध्ये शिक्षण हा विषय घेऊन तीन वर्षांची पदवी करतात, केंब्रिजलाही आहे. पण तेवढ्यावर शिक्षक होता येत नाही, त्यासाठी पुढे बहुतेक जण वर्षभराचं पीजीसीई हे शिक्षक-प्रशिक्षण करतात. पदवी वेगळी आणि शिकवायचा परवाना वेगळा.

डी-४०३ देशपांडे मॅडम : हेच महत्त्वाचं. आपल्याकडे नुसतं शिक्षणशास्त्र घेऊन बीए केलं तर बीएड नंतर करावंच लागेल. आयटेपमध्ये दोन्ही एकत्र येतं, शिवाय इतिहास किंवा गणितासारखा विषय पूर्ण शिकायला मिळतो. शिकवायचं नसेल तरी काम आहे. पाठ्यपुस्तकं कोणी तरी लिहितंच. 'प्रथम' संस्थेची माणसं २००५पासून 'असर' या पाहणीसाठी गावोगाव मुलांना वाचायला लावतात, त्यातूनच कळलं की खेड्यांतल्या पाचवीच्या निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. हे मोजायला आणि त्याचं कारण शोधायला माणसं लागतात. पगार बँकेएवढा नसतो, हे मात्र लेकीला आधीच सांगा.

ए-३०२ शिंदे वहिनी : ती शेजारी बसून वाचतेय. विचारते, चांगला अभ्यासक्रम ओळखायचा कसा?

डी-४०३ देशपांडे मॅडम : तिला म्हणावं, माहितीपत्रकातली इमारत बघू नकोस. पहिल्या वर्षापासून खऱ्या शाळेत पाठवतात की शेवटच्या सहामाहीत पाठ उरकून घेतात, ते विचार. मानसशास्त्र आणि समाजशास्त्र शिकवायला त्या त्या विषयाचे प्राध्यापक आहेत, की एकच बाई सगळं शिकवतात? तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून हजेरी कशी लावतात तेही विचार. काही ठिकाणी बीएडला वर्गात न येताही हजेरी लागते, म्हणून म्हणते.

सी-१०१ कुलकर्णी काका : ते खरंय. माझ्या मेहुण्याची सून तशीच बीएड झाली.

ए-३०२ शिंदे साहेब : वहिनींच्या फोनवरून नाही, मी स्वतः लिहितोय. बीकॉमचा फॉर्म भरणारच आहोत. मॅडम, भोपाळचा अभ्यासक्रम मिळाला तर पाठवा, वाचून बघतो. आणि चार वर्षांचा हॉस्टेलचा खर्च किती, ते बी-२०४ने काढून द्यावं.