मदत हवी आहे: 'लोब'ला मराठीत काय म्हणावं?

मंडळी, एका भाषांतरात 'लोब' या इंग्रजी शब्दापाशी गाडी अडली आहे. कानाची पाळी ठीक. उजव्या फुफ्फुसाचे 3 आणि डाव्याचे 2 'खंड' हेही रुळलेलं. पण पानाच्या कडेला दोन खाचांमध्ये जो गोलसर भाग पुढे येतो, त्याला काय म्हणायचं? 'खंड' म्हटलं की पान तुटल्यासारखंच वाटतं. (मेंदूच्या बाबतीत मात्र तो खटकत नाही, का कोण जाणे!)

शब्द मूळचा ग्रीक, 'लोबोस'. अर्थ कानाची पाळी, यकृताचा खंड आणि चक्क शेंगसुद्धा. लॅटिन 'लोबस'मार्गे तो पुढे इंग्रजीत आला. मग पानालाही 'पाळी' चालेल का, की वाचक गोंधळतील? वनस्पतिशास्त्र मराठीतून शिकलेल्यांनी कृपया सांगावं.