नाल्याची कड भरावाआधी मोजा, भरावानंतर नाही

नासर्डीकाठ
पाथर्डी असो की मखमलाबाद, नाशिकमध्ये शेतं मोडून लेआउट पडतात तिथला क्रम ठरलेला. आधी मुरमाचे डंपर येतात. ओहोळाकाठचे उंबर, करंज जातात. काठ हळूहळू पात्रात सरकतो आणि मोजणी त्यानंतर होते. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे लहान नाल्याच्या पाण्याच्या कडेपासून ९ मीटर आणि नदीच्या कडेपासून १५ मीटरच्या आत बांधकाम करता येत नाही. पण ही कड कोणती? भरावाने पुढे ढकललेली कड धरली, तर ९ मीटर कागदावर तंतोतंत भरतात आणि नाल्याची रुंदी मात्र निम्मी झालेली असते.

माझी मागणी एवढीच: मातीला हात लावण्याआधी गाव नकाशा आणि जागेवरची स्थिती पाहून कडेवर दगड रोवा, फोटो काढा, ते परवानगीच्या फाइलला जोडा. त्या पट्ट्यात झाड तोडायचं नाही, राडारोडा टाकायचा नाही. आणि पावसाळ्यात काठाजवळ माती उघडी ठेवायची नाही.

साइटवरचा माणूस
मी लेआउटची कामं करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. एक एकराचा चौरस तुकडा घ्या, मधून नाला जातोय. दोन्ही बाजूंना ९-९ मीटर सोडले की ४० गुंठ्यांतले ११ गुंठे गेले, नाल्याची रुंदी वेगळीच. तो भुर्दंड शेवटी फ्लॅट घेणाऱ्यावर पडतो. दुसरं, सखल जमिनीतून काठ नसलेला ओघळ जात असेल तर प्राधिकरणाच्या मंजुरीने तो वळवता येतो, हेही त्याच नियमावलीत आहे. आठ महिने कोरड्या, नाहीतर नुसतं सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याला नदीचा मान देऊन घरं महाग करायची का?

नासर्डीकाठ
दादा, कोरडा दिसतो म्हणूनच तो आधी बुजवला जातो. नाल्याचं काम चार महिन्यांचं, पण त्या चार महिन्यांत त्याची सगळी रुंदी लागते. सरस्वती नाल्याचं उदाहरण गावातच आहे. वरून झाकला, दहीपूल-सराफ बाजाराखालून नेला. जोराचा पाऊस झाला की पाणी दुकानांत येतं. सांडपाणी हा ड्रेनेज जोडण्यांचा प्रश्न आहे. तो सोडवायचा सोडून नालाच नाहीसा करणं मला मान्य नाही.

वळवण्याच्या तरतुदीबद्दल म्हणाल, तर ती काठ नसलेल्या ओघळासाठी आहे. काठ आधी भरावाखाली घालवायचा आणि मग "काठच नाही" म्हणायचं, हीच पळवाट मला बंद करायची आहे.

खंड्या
पक्षी बघायला फिरतो, म्हणून एक भर. काठावरचं गवत, लव्हाळे, पाणकणीस यांना लोक कचरा समजतात आणि जेसीबी फिरवून "सुशोभीकरण" करतात. काठाची माती धरून ठेवतात ती हीच मुळं. शिवाय खंड्या बिळ करतो ते मातीच्या उभ्या दरडीत. सिमेंटच्या भिंतीत तो कुठे करणार? साइटवरचा गाळ पहिल्या पावसात ओढ्यात उतरला की खडीच्या फटी बुजतात आणि तिथे अंडी घालणारे मासे जातात. तोच गाळ गोदावरीतून खाली नांदूरमध्यमेश्वरला जातो. महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून आपण तिचा अभिमान बाळगतो, आणि तिथला जलाशय आधीच गाळाने उथळ झालाय.

वाघाडीची लेक
पक्ष्यांचं पटतं, पण २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात वाघाडी नाल्याकाठच्या आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. आईला शेजाऱ्यांनी खांद्यावर बाहेर काढलं. आम्हाला संरक्षक भिंत हवी. गवत पूर अडवत नाही.

नासर्डीकाठ
ताई, जिथे घरं आधीच काठावर आहेत तिथे भिंतीला माझा विरोध नाही. माणसं आधी. पण भिंत एका काठाला बांधली की पाणी समोरच्या काठावर आणि खालच्या वस्तीत जोराने जातं. म्हणून नव्या लेआउटमध्ये भिंतीची वेळच येऊ नये. पाण्याला पसरायला जागा ठेवा, तुमच्याकडे येणारा लोंढा तेवढा कमी होईल.

मळेकरी
सगळे बोलले, जमीन ज्याची त्याला कुणी विचारलं नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम २० प्रमाणे नाल्याचं पात्र सरकारचं. काठ मात्र माझा, माझ्या सातबाऱ्यावर. शहर वाढलं म्हणून माझा काठ जपायचा, तर त्याचा मोबदला शहराने द्यावा. रस्त्याच्या आरक्षणाला टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क मिळतो, मग ओढ्याला का नाही? तुमचे दगड रोवले की त्या दिवशी माझ्या तुकड्याचा भाव पडतो. पुढे बिल्डर त्याच झाडांकडे बोट दाखवून "रिव्हर व्ह्यू"चे जादा पैसे घेतो, त्यातला रुपया माझ्याकडे येत नाही.

नासर्डीकाठ
भाऊ, हे रास्त आहे. टीडीआर मिळावा, मी तुमच्या बाजूने सही करीन. तोवर निदान एवढं व्हावं: ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. काठाचा पट्टा त्यात धरला तर दुहेरी नुकसान टळेल.

साइटवरचा माणूस
याला माझा ठाम विरोध. ती १० टक्के जागा मुलांना खेळायला आहे. उताराचा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा पट्टा मैदान म्हणून दाखवला, तर सोसायटीतली पोरं पार्किंगमध्ये खेळतील. भरावाआधी दगड रोवायला मी तयार आहे, मोजणीचा खर्चही आम्ही करू. पण पट्टा वेगळा आणि मैदान वेगळं. मोबदला द्यायचा तर महापालिकेने द्यावा.

मळेकरी
दगड रोवताना मला बोलवा. ओढा पूर्वी कुठून वाहायचा ते नकाशापेक्षा आमच्या बांधाला जास्त ठाऊक आहे.