तुमचा आवडता नखरेबाज बेसबॉलपटू: अनुभव सांगा

रेड्सवेडा (सिनसिनाटी)

बेसबॉल म्हणजे अडीच तास च्युइंगम चघळायचं आणि पाच मिनिटं धावायचं, असं आमच्या क्रिकेटवाल्या कंपूचं ठाम मत आहे. माझंही होतं. ते एका पोराने पार मोडीत काढलं, म्हणून हा धागा.

एली डे ला क्रूझ, सिनसिनाटी रेड्स संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावायच्या टप्प्यांच्या, मधला क्षेत्ररक्षक). जन्म २००२, गाव डोमिनिकन रिपब्लिकमधलं सबाना ग्रांदे दे बोया, उंची सहा फूट पाच इंच. २०१८ मध्ये रेड्सने त्याला ६५ हजार डॉलरला घेतलं, म्हणजे या खेळाच्या हिशेबात चिल्लरच. ६ जून २०२३ला मोठ्या संघात आला, दुसऱ्याच दिवशी ४५८ फुटांचा होमर (आपला षटकारच म्हणा) ठोकला. २३ जूनला ब्रेव्हजविरुद्ध एकाच सामन्यात सिंगल, डबल, ट्रिपल (एका फटक्यावर एक, दोन, तीन बेस गाठणं) आणि होमर, ज्याला इथे सायकल म्हणतात. रेड्सकडून हे आधी एरिक डेव्हिसने केलं होतं, १९८९ साली. एलीच्या पाठीवरचा ४४ हा आकडासुद्धा एकेकाळी डेव्हिसचाच.

पण मी त्याचा खरा भक्त झालो तो ८ जुलैला. मिल्वॉकीत सामना, सातवी इनिंग. सिंगल मारून गडी पहिल्या बेसवर. पुढच्या दोन पिचमध्ये (चेंडूंमध्ये) त्याने दुसरा बेस चोरला (फटका नसतानाच धावत गाठला), तिसराही चोरला. पिचर (गोलंदाज) पेगेरो चेंडू घेऊन, तिसऱ्या बेसकडे पाठ करून, आरामात माऊंडकडे (पिचरच्या उंचवट्याकडे) निघाला होता. एलीने ती पाठ हेरली आणि थेट होमकडे (धाव पूर्ण होते त्या शेवटच्या बेसकडे) सुटला. पेगेरो वळेपर्यंत उशीर झाला होता. एका इनिंगमध्ये तिन्ही बेस चोरणारा रेड्सचा याआधीचा खेळाडू शोधायला १९१९ पर्यंत मागे जावं लागतं!

गळ्यातल्या साखळ्या, बत्तिशी दाखवणारं हसू, धावताना लांबच लांब टांगा, हे सगळं दिसतंच. मला मोह आहे तो त्याच्या नजरेचा. सगळं स्टेडियम त्याच्याकडे बघत असतं आणि तो पिचरकडे.

तुमचा असा कोण? कुठे पाहिलात, काय भावलं, सविस्तर लिहा. न आवडणाऱ्यांनीही लिहा.

डेटनची आई

आम्ही याला तुमच्याआधी पाहिलाय, बरं का! २०२२ मध्ये तो आमच्या डेटन ड्रॅगन्सकडून (रेड्सच्या खालच्या लीगमधल्या संघाकडून) खेळत होता. त्या वर्षी खालच्या लीगमध्ये मिळून त्याने २८ होमर मारले आणि ४७ बेस चोरले. मला तेव्हा यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मैदान घराजवळ, तिकीट स्वस्त, पोरं दमून घरी येतात, एवढाच हेतू. शेजारच्या बाकावरच्या आजीबाईंनी मला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, फोन ठेव, हा मुलगा बॅटिंगला आला की खाली बघायचं नाही. ट्रिपल म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. तो दुसरा बेस ओलांडून गेला तरी मी चेंडू शोधत होते.

आता त्याचे परिणाम ऐका. माझा लेक लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या बेसबॉलमध्ये) खेळतो. एलीचं बघून त्याने दुसऱ्या बेसवर डोकं पुढे घालून असा झकास सूर मारला की आम्ही सगळे उभे राहिलो. अंपायरने बाद दिलं. लहान वयोगटात पुढच्या बेसकडे जाताना डोकं आधी घातलं की बाद, असा नियमच आहे! (मागच्या बेसवर परतताना चालतं.) घरी येईपर्यंत गाडीत एकच प्रश्न: मग एलीला कसं चालतं?

खोखोवाले आजोबा (मुक्काम मेसन, मूळ सांगली)

लेकीकडे आलो असताना जावईबापूंनी आग्रहाने मॅच दाखवली. नियम अर्धेच समजले. पण या मुलाचे पाय मात्र ओळखीचे वाटले.

तरुणपणी बरीच वर्षे खो-खो खेळलो. बचाव करणाऱ्याने पाठलाग करणाऱ्याच्या खांद्याकडे बघायचं हे आम्हाला घोटून शिकवलेलं. खांदा कुठे वळतो त्यावरून तो कुठे जाणार ते कळतं. इथे जावईबापू म्हणाले, बेसवरचा खेळाडू पिचरच्या टाचा बघतो. उजव्या हाताच्या पिचरची मागची टाच आधी उचलली तर तो बेसकडे फेकणार, पुढची उचलली तर फलंदाजाकडे. मग मी चेंडू सोडून टाचाच बघत बसलो. एली चवड्यांवर उभा, गुडघे सैल, हाताची बोटं वळवळतायत. पुढची टाच उचलली आणि हा गेलासुद्धा. एवढ्या उंच मुलाला इतकं खाली वाकून पळता येतं हे पाहून धन्य वाटलं. खांबावर सूर मारणारी आमच्या संघातली पोरं आठवली.

सॅन डिएगोकर

माझा हिरो आमच्या सॅन डिएगो पाद्रेजचा फर्नांडो टाटिस ज्युनियर. १७ ऑगस्ट २०२०, टेक्सासमध्ये रेंजर्सविरुद्ध, कोविडमुळे रिकामं स्टेडियम. पाद्रेज १० विरुद्ध ३ ने पुढे, आठवी इनिंग, तिन्ही बेस भरलेले, काउंट तीन बॉल शून्य स्ट्राइक (तीन चेंडू बाहेरचे, फलंदाजाची एकही चूक नाही). अशा वेळी पुढचा चेंडू सोडायचा, समोरच्याची आणखी लाज काढायची नाही, हा या खेळातला अलिखित रिवाज. सोडण्याची खूणही झाली होती. साहेबांनी ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमर, एकदम चार धावा) मारला! रेंजर्सचा मॅनेजर भडकला आणि पुढचा पिच नंतरच्या फलंदाजाच्या, मचाडोच्या, पाठीमागून गेला.

मला आजही हा राग समजत नाही. शेवटच्या षटकात फुलटॉस पडला तर धावफलक बघून कोणी सोडतं का? त्या वादात टाटिसची बाजू घेणारे पिचरसुद्धा निघाले, हे विशेष.

२०२२ मध्ये बंदी असलेल्या औषधापायी त्याला ८० सामने बाहेर बसावं लागलं तेव्हा मात्र मी त्याची जर्सी कपाटात टाकली. पुढच्या वर्षी तो उजव्या फील्डमध्ये इतका सुरेख खेळला की गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) घेऊन गेला. जर्सी परत बाहेर आली. आहोत आम्ही असे.

पिचरप्रेमी (शिकागो)

भजनात बेसूर लावतो, माफ करा. २०२४ मध्ये एलीने ६७ बेस चोरले, त्यात तो सगळ्या लीगमध्ये पहिला. बरं. त्याच मोसमात २१८ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला आणि २९ एरर (क्षेत्ररक्षणातल्या चुका) केले, ते कोण सांगणार? शिवाय २०२३ पासून बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिचरला चेंडू टाकायला घड्याळ लागलं आणि बेसकडे फेकायच्या खेपांवरही मर्यादा आली. चोरांना मोकळं रानच दिलंय.

रेड्सवेडा

@पिचरप्रेमी, आकडे कबूल. पण ते रान सगळ्यांनाच मोकळं होतं आणि ६७ एकट्याचेच झाले. त्याच वर्षी २५ होमरही आहेत. स्ट्राइकआउट झाला की मीही डोक्याला हात लावतो, पण पुढच्या वेळी तो मैदानात उतरला की चहा गार होतो.

पहाटपाखरू (पुणे)

सिनसिनाटीचे संध्याकाळचे सामने इथे पहाटे साडेचार-पावणेपाचच्या सुमारास सुरू होतात. दूधवाल्याची बेल आणि तिसरी इनिंग साधारण एकत्र.

माझा आवडता किस्सा जुलै २०२३ मधला, वॉशिंग्टनचा. एलीच्या बॅटच्या मुठीच्या टोकाला प्लास्टिकचं आवरण होतं. नॅशनल्सच्या मॅनेजरने हरकत घेतली, अंपायर जमले, बॅटची तपासणी झाली. नंतर पठ्ठ्याने ४५५ फुटांचा होमर मारला आणि बॅटच्या त्याच टोकाकडे बोट दाखवलं. शब्द एक नाही!

ऋषभ पंतने २०२१ मध्ये अहमदाबाद कसोटीत नव्या चेंडूवर अँडरसनला उलटा फटका मारून स्लिपवरून भिरकावलं होतं, तेव्हा मी असाच ओरडलो होतो. फरक इतकाच की तेव्हा सगळी सोसायटी ओरडत होती. आता पहाटे पाचला मी एकटा ओरडतो आणि खालच्या मजल्यावरचे काका बाल्कनीतून विचारतात, विकेट कोणाची पडली?