रोपं कमी लावा, पण जगवा
झाडं लावताना निम्मी तरी जगतील म्हणून रोपं जास्तीच लावा, असं काहीजण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कमी लावा पण प्रत्येक रोपाला पुढची 2-3 वर्षं पाणी कोण घालणार ते आधी ठरवा, कारण मुळं आजूबाजूच्या मातीत नीट पसरेपर्यंत ते रोप आपल्यावरच अवलंबून असतं आणि पाऊस थांबला की खरी परीक्षा सुरू होते. रोज तांब्याभर नको, त्यापेक्षा दोन-चार दिवसांनी बादलीभर सावकाश मुरू द्या, मुळं खोल जातात.

लावताना पिशवी फाडून मातीचा गोळा तसाच खड्ड्यात ठेवू नका प्लीज. आत मुळं गोल गोल फिरलेली असतात, ती बोटांनी मोकळी करा, जाड झाली असतील तर कापा, नाहीतर काही वर्षांनी तीच मुळं खोडाला आवळतात आणि चांगलं वाढलेलं झाड वाऱ्यात आडवं होतं. खोड खाली जिथे रुंद होऊन मुळांना मिळतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. खड्डा खोल नको, रुंद हवा, गोळ्याच्या 2-3 पट. पालापाचोळा पसरा पण खोडाला टेकवू नका, साल कुजते.

आणि ते लोखंडी ट्री गार्ड वेळेवर काढा हो! खोडात रुतलेल्या जाळ्या बघवत नाहीत. फुटपाथवाल्यांना बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतू देऊ नका, त्यासाठी भांडायची वेळ आली तर सगळ्यांनी मिळून भांडा.