जुन्या घरात पेलेट स्टोव्ह बसवायचाय, पाईप चिमणीतून काढू की भिंतीतून?

वूस्टरवासी:
नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरला घर घेतलं, १९२६ चं, लाकडी, दोन मजली. मे महिन्यात घर कसं हवेशीर वाटलं होतं, हवेशीर म्हणजे काय ते आता जानेवारीत कळतंय. तळघरात ऑईलचा बॉयलर, खोल्यांत लोखंडी रेडिएटर, २७५ गॅलनची टाकी दीड महिन्यात तळ गाठते. हॉलमध्ये विटांची फायरप्लेस आहे, तिथे पेलेट स्टोव्ह बसवायचा विचार चाललाय. दुकानदार म्हणतो पाईप चिमणीत घातला की झालं, शेजारी म्हणतो चिमणीच्या नादी लागू नका, सरळ भिंतीला भोक पाडा. बाबांना फोनवर सांगितलं की यात भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळतात, तर म्हणाले, म्हणजे भुशाची शेगडीच की! आमची आजी मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायची आणि मग बाटली अलगद ओढून काढायची, भोक ढासळलं की सगळं पहिल्यापासून. आई मागून म्हणाली, त्या शेगडीला वीज लागत नव्हती.
तर कोणाचा अनुभव?

नॅशुआकर:
आई बरोबर बोलल्या. आमच्याकडे हा नववा हिवाळा. गोळ्या पुढे ढकलणारा स्क्रू, दोन पंखे, पेटवणारी कॉइल, सगळं विजेवर. चालू असताना साधारण १०० वॉट, पेटताना ३००-४००. आता बर्फाच्या वादळात लाईट गेली की पंखा बंद, पण भांड्यातल्या गोळ्या धुमसत राहतात, आणि पाईप भिंतीतून आडवाच बाहेर काढलेला असला तर तो धूर घरात येतो. म्हणून भिंतीतून काढलात तरी बाहेर चार-पाच फूट उभा चढवून घ्या, म्हणजे गरम हवा आपोआप वर ओढली जाते. तोंड खिडकीपासून निदान चार फूट लांब.

दुकानदार अर्धंच सांगतोय. फायरप्लेसची चिमणी आतून ऐसपैस असते, पेलेटचा पाईप तीन नाहीतर चार इंची आणि त्याचा धूर लाकडाच्या शेकोटीपेक्षा थंड. एवढ्याशा धुराला त्या गार विटांच्या बोगद्यात सोडलं की तो अर्ध्यातच निवतो, ओल धरते, काजळी साचते. चार इंची स्टेनलेसचा लायनर, म्हणजे चिमणीच्या आतून घालायची नळी, पार वरपर्यंत न्यायचा, वर टोपी. त्याआधी चिमणी साफ करणाऱ्याला कॅमेरा घालून बघायला सांगा, आतले मातीचे पन्हळ तडकलेले असतात बऱ्याचदा. आणि बॉयलरचा धूर ज्या नळीतून जातो तिच्यात हा अजिबात जोडू नका. माझं मत विचाराल तर चिमणी धड असेल तर चिमणीच.

फ्यूजवाली:
नॅशुआकर दादांनी धुराचं सांगितलं, मी प्लगचं सांगते. १९२६ चं घर म्हणजे हॉलमधला सॉकेट दोन पिनी असण्याची शक्यता दाट. स्टोव्हला अर्थिंगवाला तीन पिनी लागतो, नाहीतर कंट्रोल बोर्ड उडतो आणि तो स्वस्त नसतो. उगाच अडॅप्टर लावून जुगाड करू नका. माळ्यावर बॅटरी घेऊन चढा, तुळयांना चिनीमातीची पांढरी बुटकुळी आणि त्यांवरून दोन सुट्या तारा गेलेल्या दिसल्या तर ते जुनं नॉब अँड ट्यूब वायरिंग. ते चालू असेल तर त्यावर इन्सुलेशनही टाकता येत नाही, आणि तुमच्या घराची खरी गरज तीच आहे असं मला वाटतं, स्टोव्ह नंतर. मास सेव्ह म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या वीज-गॅस कंपन्यांची ऊर्जाबचतीची योजना आहे, तिची घर-तपासणी फुकट असते, आधी ती करून घ्या. भिंत फोडायचीच असेल तर बाहेर अ‍ॅस्बेस्टॉसच्या फरश्या नाहीत ना बघा, आणि १९७८ च्या आधीचा रंग म्हणजे शिसं असणार असंच धरा.

गोठलेला_मेनकर:
आमची गंमत ऐका. पहिल्या वर्षी स्टोव्ह लावला, हॉल मस्त उबदार, आम्ही खूश. थर्मोस्टॅट त्याच हॉलमध्ये. त्याला वाटलं घर गरम आहे, त्याने बॉयलर चालूच केला नाही, तळघराला बॉयलरची जी ऊब मिळायची ती बंद, आणि एका रात्री उणे ८ फॅरनहाईटला किचन सिंकचा बाहेरच्या भिंतीतला पाईप गोठून फुटला. सकाळी बायकोने नळ सोडला तर पाणी नळाऐवजी तळघराच्या छतातून. तेव्हापासून थर्मोस्टॅट वरच्या पॅसेजमध्ये हलवलाय आणि बॉयलर दर तीन तासांनी थोडा वेळ चालवतो. हा स्टोव्ह एका खोलीचा राजा आहे हो, पूर्ण घराचा नाही. बाकी, ४० पौंडाची एक पिशवी, ५० पिशव्यांचा टन, उष्णता म्हणाल तर साधारण १२० गॅलन ऑईलएवढी. त्या ५० पिशव्या तळघरात कोण उतरवणार ते आधी घरात ठरवा. पर्मिट काढा, विमावाल्यांना कळवा, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर. आणि ३० टक्क्यांचं फेडरल टॅक्स क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं, दुकानदार अजून ते दाखवून भाव सांगत असेल तर सावध.

वूस्टरवासी:
मंडळी, माळ्यावर जाऊन आलो. फ्यूजवाली ताई, पांढरी बुटकुळी आहेत. सात मोजली आणि खाली उतरलो. म्हणजे आधी इलेक्ट्रिशियन, मग इन्सुलेशन, स्टोव्ह पुढच्या थंडीला. चिमणीवाला गुरुवारी येतोय कॅमेरा घेऊन. थर्मोस्टॅट आमचाही हॉलमध्येच आहे, फायरप्लेसपासून सहा फुटांवर!! बाबा विचारतायत राख किती निघते, भांडी घासायला होईल का.

नॅशुआकर:
चांगल्या गोळ्या असतील तर टनामागे फार तर २० पौंड. झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवा, आत निखारा दोन-तीन दिवससुद्धा जिवंत राहतो. भांड्यांना चालेल बहुतेक, आमची हिरवळीवर जाते.