मेळघाटातील गरोदर मातांसाठी वाहन-ॲप : ‘जवळचे रुग्णालय’ कसे ठरवावे? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही चौघे अमरावतीत संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून प्रकल्प म्हणून मेळघाटातील आशा कार्यकर्त्यांसाठी एक अँड्रॉइड ॲप तयार करत आहोत. कळा सुरू झालेल्या मातेसाठी १०२ किंवा १०८ क्रमांकाची गाडी मागवणे, तिला कोठे न्यावे हे सुचवणे आणि त्या रुग्णालयाला आधी कळवणे, एवढेच या ॲपचे काम आहे. आरोग्यसेवा, नकाशे किंवा वाहतूक यांपैकी कशातही काम केलेल्या जाणकारांचा सल्ला आम्हाला हवा आहे.

पहिल्या आराखड्यात आम्ही नकाशावरचे सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र दाखवत होतो. धारणी तालुक्यातील एका आशाताईंनी ते पाहून एकच प्रश्न विचारला, “तिथं सिझर होतं का?” सिझरसाठी शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच वेळी हाताशी लागतात, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नसतात. त्यामुळे एखाद्या मातेसाठी गावाजवळचे केंद्रच योग्य असते, दुसरीला धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे लागते, तर तिसरीला सुमारे दीडशे किलोमीटर दूर, घाटरस्त्याने, थेट अमरावतीला. पहिले ठिकाण चुकले तर तेथून पुढे पाठवण्यात जो वेळ जातो, तोच जिवावर बेततो. म्हणून आधीचे सिझर, तीव्र रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब अशा जोखमीच्या नोंदी आशाताईंनी तपासणीच्या वेळीच ॲपमध्ये भरून ठेवाव्यात, असा बदल आम्ही केला. या नोंदींवरून रुग्णालय सुचवण्याचे नियम मात्र आम्ही मनाने ठरवू नयेत असे वाटते. हे नियम तपासून देऊ शकतील असे स्त्रीरोगतज्ज्ञ येथे असतील, तर कृपया सांगावे.

दुसरी आणि आमच्या दृष्टीने अधिक अवघड अडचण प्रवासाच्या वेळेची आहे. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांना खुल्या नकाशावर ग्राफहॉपर हे मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर (इंजिन) वापरून आम्ही वेळ काढतो. पण असे इंजिन प्रत्येक रस्त्याला त्याच्या प्रकारानुसार ठरावीक वेग गृहीत धरते, आणि सेमाडोहच्या घाटवळणांवर तो वेग कधीच मिळत नाही. पावसाळ्यात सिपना नदी किंवा एखादा नाला फुगला, की नकाशावरचा रस्ता काही तासांपुरता अस्तित्वातच नसतो. कोणता फरशी पूल आधी पाण्याखाली जातो, हे तेथील चालकांना तोंडपाठ असते. लिहिलेले मात्र आम्हाला कोठेही सापडले नाही. रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यासाठी चालकांकडून कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळ विचारून घ्यावा, आणि ॲपने एकच आकडा न देता ती मर्यादा दाखवावी, असा माझा आग्रह आहे. इतक्या थोड्या नोंदींवर मशीन लर्निंगचे प्रारूप बसवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्यांनी घाटभागात असे काम केले आहे, त्यांनी ही पद्धत टिकेल का ते सांगावे.

नेटवर्कचा प्रश्न त्यामानाने सुटला आहे. जीपीएसला मोबाईलचे नेटवर्क लागत नाही, फक्त पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो. मागणी एसएमएसने जाते. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरेच मावतात, म्हणून गावाचा क्रमांक, जोखमीचा संकेत आणि अक्षांश-रेखांश एवढेच आम्ही रोमन अक्षरांत आणि अंकांत पाठवतो, ज्यामुळे १६० अक्षरांची जागा मिळते.

आता चाचणीविषयी. आमचे मार्गदर्शक प्राध्यापक अचूकतेची टक्केवारी मागतात, पण खऱ्या मातेवर प्रयोग करून ती काढण्याचा आम्हाला अधिकार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांचा सहभाग असलेल्या आरोग्यविषयक संशोधनाला नैतिकता समितीची मान्यता घ्यावी लागते, आणि आमच्या महाविद्यालयात अशी समिती नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अर्ज करताना तेथील एखादे प्राध्यापक सहसंशोधक म्हणून घ्यावे लागतात का? तोपर्यंत केवळ काल्पनिक रुग्ण घेऊन, आशाताई आणि चालक यांच्यासह सराव करावा आणि संदेश पोहोचणे, योग्य ठिकाण सुचवले जाणे व गाडी पोहोचणे यांचा वेळ वेगवेगळा मोजावा, असा विचार आहे. एवढ्यावर शोधनिबंध उभा राहू शकतो का?

शेवटचा प्रश्न त्याच आशाताईंच्या बोलण्यातून आला आहे. त्यांचे म्हणणे असे, की पुराच्या दिवसांत गाडी शोधत बसण्यापेक्षा बाई आधीच माहेरघरात (प्रसूतीपूर्वी राहण्यासाठी आरोग्य केंद्रापाशी केलेल्या सोयीत) येऊन राहिलेली बरी. ॲपमध्ये प्रसूतीची अपेक्षित तारीख असतेच. ती पावसाळ्यात येत असेल आणि गावाच्या वाटेवर बुडणारा पूल असेल, तर काही दिवस आधी ताईंना आठवण देणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे आहे. परंतु ती आठवण नेमकी किती दिवस आधी द्यावी, म्हणजे घरची मोठी मुले आणि शेतीची कामे सोडून त्या बाईला खरोखर येता येईल, हे आम्हाला ठरवता येत नाही. मेळघाटात किंवा नंदुरबार, गडचिरोलीकडे माहेरघराचे काम जवळून पाहिलेल्या कोणी यावर लिहिले, तर आम्ही त्यानुसारच पुढचा आराखडा करू.