मदत हवी आहे : घरी बनवलेले टीडीसीएस (डोक्यावाटे मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देणारे) यंत्र
एकाग्रता वाढावी म्हणून माझ्या भाच्याने ९ व्होल्टची बॅटरी, छोटे सर्किट आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज वापरून टीडीसीएस यंत्र घरीच तयार केले असून, तो रोज २० मिनिटे कपाळातून २ मिलिअँपिअरचा प्रवाह सोडतो. परवा त्याच्या उजव्या भुवईवर रुपयाएवढा लालभडक डाग दिसला. स्पंज वाळला होता, एवढेच तो म्हणाला. प्रयोगशाळांतही साधारण एवढाच प्रवाह वापरतात हे खरे, परंतु तिथे आधी अपस्माराची चौकशी होते, आणि याला तर लहानपणी तापात दोनदा झटके आले होते. मेंदूसंशोधकांनी २०१६ मध्ये घरगुती प्रयोग करणाऱ्यांना उद्देशून लिहिलेले खुले पत्रही दाखवले (मामाचे ऐकेल तो भाचा कसला!). त्याला प्रथम मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे की मानसोपचारतज्ज्ञाकडे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.